‘नुसती झाडंच आहेत हो यात!’ : संथ कादंबरी वाचायची कशी

“पंचवीस पानं झाली, अजून काही घडत नाहीये. नुसती झाडं, वारा आणि एक म्हातारी.” दापोलीतल्या आमच्या वाचनगटात अनिता देसाईंची ‘फायर ऑन द माउंटन’ ही इंग्रजी कादंबरी वाचायला घेतली, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेली ही तक्रार. तक्रार करणारे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. वाचन दांडगं, पण रहस्यकथा आणि चरित्रांवर पोसलेलं. त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो, कारण ही तक्रार त्यांच्या एकट्याची नाही.

माझा धंदा रोपवाटिकेचा. आंबा-काजूची कलमं, थोडी मसाल्याची रोपं. साहित्याशी माझा संबंध फक्त वाचण्यापुरता. पण ज्या कादंबऱ्यांत झाडं, पाखरं, डोंगर भरून राहिलेले असतात आणि माणसं मात्र ओठ मिटून बसलेली असतात, त्यांची गोडी मला धंद्यामुळेच लागली. लेखकाने झाडाचं नाव बरोबर लिहिलंय का, मोसम जुळतोय का, हे बघायच्या खोडीने मी त्या वाचायला लागलो. मग ध्यानात आलं, की कथानक त्या झाडांतच ठेवलेलं असतं. अशा पुस्तकातला माणूस मनातलं सांगत नाही, आणि सांगतो तेव्हा बऱ्याचदा खोटं सांगतो. आजूबाजूचं रान मात्र खोटं बोलत नाही. म्हणून साक्ष रानाची घ्यायची. वाचायची सगळी पद्धत एवढ्यावरून निघते.

उदाहरणाला हीच कादंबरी घेतो. 1977 सालची, दीडशे पानांच्या आसपास, आणि घडते हिमाचलातल्या कसौलीला. तिला 1978 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मराठीतला पुरस्कार आरती प्रभूंच्या, म्हणजे आमच्या कोकणातल्याच चि. त्र्यं. खानोलकरांच्या, ‘नक्षत्रांचे देणे’ला होता. आमच्या कोकणातल्या माणसाला असे योगायोग सांगायला आवडतात, म्हणून सांगितलं. बाकी देसाईबाईंचं आपल्याकडे येणंजाणं आहेच. त्यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ (1982) अलिबागजवळच्या थळची आहे.

एक आधीच सांगून टाकतो. मी शेवट सांगणार आहे. असल्या पुस्तकाची मजा शेवट कळल्याने कमी होत नाही, उलट पहिलं पान नीट दिसायला लागतं. ज्यांना तरीही नको असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं, मग इथे यावं.

किती आणि केव्हा

असलं पुस्तक एका बैठकीत संपवायला जाऊ नका. प्रकरणं लहान आहेत. एका वेळी दोन, फार तर तीन. मोबाइल दुसऱ्या खोलीत. प्रवासात नको, कारण बसच्या हिसक्यात डोळा आपोआप संवाद शोधत पुढे पळतो आणि वर्णनं गाळली जातात. माझ्याकडे जून-जुलैत कोय कलमांची घाई असते. तेव्हा मी रहस्यकथाच वाचतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

पेन्सिल मात्र जवळ हवी. पुस्तक वाचनालयाचं असेल तर वही. वहीत ‘आशय’, ‘विषय’ असलं काही लिहायचं नाही. पुढे सांगतो ते दोन-तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं, बस.

बघतंय कोण?

निसर्गवर्णन म्हटलं की शाळेतला ‘सूर्योदय’ हा निबंध आठवतो. केशरी सडा, पक्ष्यांची किलबिल, आणि दहापैकी सात गुण. त्या वर्णनात बघणारा कोणीच नसतो. चांगल्या कादंबरीत वर्णन नेहमी कोणाच्या तरी डोळ्यांतून येतं, म्हणून पहिला प्रश्न हाच: हे बघतंय कोण, आणि या घडीला त्याला काय बघायचं नाहीये?

‘फायर ऑन द माउंटन’ची सुरुवात बघा. नंदा कौल ही म्हातारी बाई कसौलीच्या वरच्या रस्त्यावर चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांखाली थांबलीये. सुयांसारख्या पानांतून वारा वाहतोय, वास येतोय, झाडीत किडे किर्र करतायत. तेवढ्यात तिला वळणं घेत येणारा पोस्टमन दिसतो. झालं, बाईंचं बिनसलं. तिला पत्र नको, माणूस नको, निरोप नको. पंजाबातल्या एका विद्यापीठाच्या कुलगुरूंची ही विधवा बायको. आयुष्यभर भरल्या घराचं सगळं केलं, आता ‘कॅरिग्नानो’ नावाच्या बंगल्यात एकटी राहते. तिथला उघडाबोडका खडक आणि चीड तिला आवडतात, कारण ते काही मागत नाहीत.

हे सगळं लेखिका सरळ सांगते, आणि आपणही विश्वास ठेवतो. म्हातारीला शांतता हवी आहे, ठीक आहे. मग बागेतला एक बारीकसा प्रसंग येतो. मला विचाराल तर सगळं पुस्तक तिथे आहे. झाडावरून एक पिकलेलं जर्दाळू पडतं. हुदहुद झेप घेतो, गराचा लचका तोडतो आणि पिल्लांकडे उडून जातो. घरटं नंदाच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेरच आहे. पण ती बघायला जात नाही. तिला त्यात आनंद वाटत नाही. त्या पिल्लांचं किंचाळणं डोकं फिरवणारं आहे, असं तिचं मत.

(हुदहुद हा जमिनीत चोच खुपसून किडे-अळ्या काढणारा पक्षी. तो जर्दाळूचा गर पिल्लांना भरवायला नेतो हे वाचून मी थबकलो होतो. पण बाईंना ते भडक नारिंगी फळ फाटलेलं दाखवायचं होतं, तेव्हा माफ.)

आता पेन्सिल घ्या. अजून लेखिकेने नंदाच्या मुलाबाळांबद्दल फारसं काही सांगितलेलं नाही. तक्रार नाही, आठवणही नाही. पण पुष्कळ मुलं वाढवलेली एक बाई, स्वतःच्या खिडकीशी असलेलं घरटं बघायला जात नाही. पिल्लांची भूक तिला सहन होत नाही. हे कोणत्याही संवादात येणार नव्हतं. कोणी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, मुलं छान आहेत, नातवंडं छान आहेत. आणि पोस्टमनने आणलेल्या पत्रात काय आहे? मुलीने कळवलंय, की पणती राका राहायला येतेय, टायफॉइडमधून उठलीये, तिला हवापालट हवा. म्हणजे एक पिल्लूच घरात येऊ घातलंय. तक्रार करणारे आमचे गृहस्थ हे ऐकून म्हणाले, “म्हणजे तो पक्षी उगाच नव्हता.” नव्हता. पहिल्या पंचवीस पानांत काही घडत नाही असं वाटतं, कारण जे घडतं ते माणसांत घडत नाही.

एक जागा, दोन डोळे

दुसरी युक्ती वहीतली. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे एका पात्राला दिसलेलं लिहा, उजवीकडे दुसऱ्याला दिसलेलं. जागा एकच हवी.

नंदाच्या बाजूला माझ्या वहीत आलं: व्हरांडा, चीडाचे शेंडे, वर घिरट्या घालणारी घार-गरुडं, दूरचे डोंगर, जर्दाळू. सगळं वरचं किंवा लांबचं. राकाच्या बाजूला आलं: खालची दरी, घळीत टाकलेला कचरा, खडकाखालचे साप, कोल्हे, धुळीतून वर आलेली घायपात, जळून गेलेलं घर. शिवाय पाश्चर इन्स्टिट्यूटच्या चिमण्या. ही संस्था कसौलीत खरोखर होती. 1900 साली, कुत्रं चावल्यावरच्या उपचारासाठी काढलेली. कादंबरीतला स्वयंपाकी रामलाल पोरीला तिथल्या हाडांच्या आणि उलट्या पायांच्या चुडैलीच्या गोष्टी सांगतो, आणि पोरगी घाबरण्याऐवजी तिकडेच जायला निघते.

रेघेच्या दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की दोघींमधला फरक समजावून सांगावा लागत नाही. दोघींनाही माणसं नको आहेत. पण नंदाने एकटेपण पत्करलंय ते सूड म्हणून, कर्तव्याने भरलेल्या आयुष्याचा राग म्हणून. राका जातीचीच एकटी आहे. तिला व्हरांडा लागत नाही, पणजीही लागत नाही. ती गुपचूप सटकते, ओरबाडलेल्या गुडघ्यांनी परत येते आणि काही सांगत नाही. गंमत अशी, की जिला कोणीही नको होतं ती नंदाच हळूहळू या पोरीच्या मागे लागते. चल फिरायला जाऊ, तुला गोष्ट सांगते, बस ना जरा. डावीकडची बाई उजवीकडे सरकू बघते, आणि उजवीकडची तिला जागा देत नाही.

राकाच्या घरी काय घडलं तेही असंच कडेकडेने कळतं. एका रात्री ती लपून क्लबपाशी जाते. आत सोंगं घेतलेली माणसं नाचतायत. ती विद्रूप तोंडं बघता बघता तिला बाप आठवतो. दारू पिऊन घरी येणारा, आईला मारणारा. पुस्तक तिथे फार रेंगाळत नाही, पण दरीकडे ओढ का आहे ते कळतं. सजवलेल्या घरात काय होतं ते पोरीने बघितलंय. जळकं घर तिला त्यापेक्षा प्रामाणिक वाटत असणार. हे माझं म्हणणं, पुस्तकाचं नाही.

टिटवी

वर्णन आलं की आवाजात वाचा. खरंच, मोठ्याने. लाज वाटत असेल तर दार लावून. आणि अधूनमधून एखादा परिच्छेद स्वतःच्या मराठीत उतरवून बघा. परक्या भाषेत आपण ज्या शब्दांवरून घसरतो, तिथे मराठीत अडावं लागतं.

आमच्या गटातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आहेत, त्यांनी टिटवीचा भाग असा उतरवून आणला होता. प्रसंग नंदाच्या जुन्या दिवसांतला. कुलगुरूंच्या बंगल्यावर बॅडमिंटन आणि खाणंपिणं झालंय. नवरा पाहुण्यांना सोडायला गाडी घेऊन गेलाय आणि अजून आलेला नाही. चांदण्यात नंदा हिरवळीवर येरझारा घालतेय. कुंपणापलीकडच्या मोहरीच्या शेतातून एक टिटवी उठते आणि ओरडत, वेडीवाकडी उडत जाते. नंदाच्या मनात येतं, ही घाबरट पाखरं आडोसा सोडून बाहेर येतात तरी का.

एवढंच. नवरा कोणाला सोडायला गेला, त्याला उशीर का झाला, यावर नंदा अवाक्षर बोलत नाही. पुस्तकाच्या शेवटाला कळतं, की गणित शिकवणाऱ्या मिस डेव्हिडवर त्याचं जन्मभर प्रेम होतं आणि ती ख्रिस्ती म्हणून त्याने तिच्याशी लग्न केलं नव्हतं.

आता टिटवी ज्याने पाहिली आहे त्याला या परिच्छेदात काय दिसतं? माझ्या रोपवाटिकेच्या मागे कातळ आहे. तिथे दरवर्षी टिटवी अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतंच, चार खडे इकडेतिकडे केलेले, आणि खड्यांच्याच रंगाची अंडी. उघड्यावर. लपायला जागा नाही, म्हणून ओरडणं हेच तिचं शस्त्र. कोणी जवळ आलं की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालते, आकांत करते आणि आपल्याला भलतीकडेच घेऊन जाते. रात्री टिटवी ओरडली की आमच्याकडे जुनी माणसं अशुभ म्हणायची. खरं तर ती बिचारी घर राखत असते.

आणि हिरवळीवरची ती बाई? तिचंही घर उघड्यावर आहे, पण तिला ओरडायची सोय नाही. कुलगुरूंची बायको. आत भांडी आवरायची असतील, मुलं झोपलेली असतील, नोकर बघत असतील. मुख्याध्यापिका बाईंनी वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, “ओरडली ती टिटवी. ही नुसती फिरली.” त्या दिवशी गटात त्यावर कोणी वाद घातला नाही, आणि आमच्या गटात वाद न होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

म्हणून सांगतो, पुस्तकात पक्षी किंवा झाड नावानिशी आलं की त्याच्याबद्दल दोन गोष्टी माहीत करून घ्या. फोटो बघा, आवाज ऐका, आता ते मोबाइलवर मिळतं. त्यासाठी पक्षीनिरीक्षक व्हायला नको.

चीड पेटतो कसा

हेच झाडाचं. ‘चीडाची झाडं’ म्हणून आपण पुढे जातो, कारण आपल्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचं चित्र असतं. चीडाच्या सुया गळतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि जमिनीवर त्यांचा जाड थर बसतो. कुजायला वेळ लागतो. झाडात राळ, याच झाडाला खाचा पाडून ती काढतात आणि तिच्यापासून टर्पेंटाइन करतात. एप्रिल ते जून, पाऊस पडेपर्यंत, हा सगळा उतार म्हणजे आगीला आमंत्रण. तिकडच्या डोंगरांत या महिन्यांत आगी लागतात त्या याच सुयांच्या जोरावर.

कादंबरीचा मोसम नेमका हाच आहे, पावसाच्या आधीचा. हवा कोरडी, धुळीचं वादळ येतं, लांबच्या डोंगरावर आग दिसते, जळकं घर आहेच. हे वहीत ओळीने मांडलं, की शेवटी राका येऊन खिडकीशी कुजबुजते, “बघ नानी, मी रान पेटवलं,” तेव्हा ते आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही. पहिल्या पानावर नंदा ज्या सुयांचा सुवास घेत थांबली होती, त्याच पेटल्यात. आमच्याकडे सड्यावर फेब्रुवारीपासून वणवे लागतात. गवत वाळलेलं, वारा सुटलेला, आणि काजूची बाग जळून जाते. वणवा पाहिलेल्या माणसाला ती आग वाचताना धाप लागते. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी निदान इतकं ध्यानात ठेवावं, की एक काडी पुरते.

मात्र इथे एक धोका आहे. आग म्हणजे क्रोध, दरी म्हणजे मनाचा तळ, घार म्हणजे स्वातंत्र्य, असा शब्दकोश करत बसू नका. गाइडं वाचून परीक्षा दिलेल्यांना ही सवय फार. एकदा ‘आग म्हणजे क्रोध’ लिहून टाकलं की आग बघायची राहूनच जाते. त्यापेक्षा विचारा, हे आत्ताच का आलं? याच पानावर का? कोण बघत होतं? उत्तर नाही सापडलं तरी चालेल. काही पाखरं पाखरंच असतात.

थापा पकडा

कोंडलेलं माणूस ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही. ते फार नीटनेटकं बोलतं. अशा पात्राने अचानक लांबलचक, रंगीत काही सांगायला सुरुवात केली की कान टवकारा.

नंदा एरवी मोजकं बोलते. पण राकाला जवळ ओढायला ती गोष्टी सांगते. तिचे वडील तिबेटला गेले होते, तिथून काय काय आणलं होतं. लहानपणी घरी प्राणी पाळलेले, खासगी प्राणिसंग्रहालयच जणू. वर्णन बहारीचं आहे. आणि इथे वाचकाने एक बघायचं: या गोष्टींतले प्राणी आणि बंगल्याभोवतालचे प्राणी यांची भाषा वेगळी आहे का? आहे. जर्दाळू फाटतं, पिल्लं किंचाळतात, कोल्हे रडतात. गोष्टीतलं अस्वल मात्र चित्रातल्यासारखं. राका पहिल्यांदा ऐकते, मग कंटाळते. पोरं थाप लवकर ओळखतात.

शेवटी पोलिसांचा फोन येतो. नंदाची जुनी मैत्रीण इला दास दुपारी चहाला येऊन गेलेली. आवाजाने कर्कश, परिस्थितीने गांजलेली, खेड्यात समाजकल्याणाचं काम करणारी. एका लहान मुलीचं लग्न तिने अडवायचा प्रयत्न केला, म्हणून घरी परतताना त्या मुलीच्या बापाने तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. रिसीव्हर हातात असताना नंदाच्या मनात सगळं कोसळतं, अगदी थोडक्या ओळींत. तिबेट नव्हतं. प्राणी नव्हते. नवऱ्याचं प्रेम नव्हतं. मुलं तिला कळली नव्हती, त्यांच्यावर तिची माया नव्हती. आणि इथे ती हौसेने राहत नव्हती. तिच्याकडे उरलं होतं ते एवढंच.

आता उलटे जा आणि पहिलं प्रकरण परत वाचा. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. खडक आणि चीड आवडतात म्हणणारी बाई आता वेगळी दिसते. तो उघडाबोडकेपणा तिने निवडला होता असं ती स्वतःलाच बजावत होती. पहिल्या वेळी जी शांतता वाटली ती दुसऱ्या वेळी दात आवळून धरलेली वाटते.

इला दासच्या शेवटाबद्दल माझं जरा वेगळं मत आहे. तो फार झटपट उरकलाय. ती संध्याकाळी बाजारातून खाली उतरते, दुकानदार तिला सावध करतो, अंधारत जातं, इथपर्यंत उत्तम. पण त्यानंतरची हिंसा आणि फोन आणि आग, सगळं चार-पाच पानांत. नंदाचं कोसळणं दाखवायला इलाचा बळी दिल्यासारखा वाटतो. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं, असं झटपटच होतं, वर्तमानपत्रात बघा. त्यांचं ऐकून घेतलं, पटलं नाही. पुस्तक आवडलं म्हणून सगळंच आवडलं पाहिजे असं कुठे आहे?

खरं रान, खोटं रान

निसर्ग भरपूर आहे म्हणून पुस्तक चांगलं, असंही नाही. पुष्कळ जण कादंबरीत पाऊस पाडतात, कारण नायिकेला उदास दाखवायचं असतं. माझी पारख साधी आहे. वर्णनाचा परिच्छेद मनातल्या मनात काढून टाका. कथा तशीच राहिली तर ती सजावट होती. हुदहुद काढला तर नंदा बदलते, तेव्हा तो खरा. दुसरं, लेखक ‘रानफुलं’, ‘पक्षी’, ‘वृक्षराजी’ यांवरच भागवतो, की नाव घेतो? आणि ज्या महिन्यात बहर दाखवलाय त्या महिन्यात ते झाड फुलतं का? एका पुस्तकात ऐन भाद्रपदात आंब्याला मोहर बघितला आणि मिटून ठेवलं. नाव सांगत नाही.

पन्नास पानांत पकड आली नाही तर खुशाल सोडा. दोन वर्षांनी परत बघा. वय वाढलं की काही पुस्तकं आपोआप उघडतात, विशेषतः घरातल्या घरात गप्प राहिलेल्या माणसांची.

पुढे काय वाचावं

एकदम कादंबरी नको असेल तर निर्मल वर्मांची ‘परिंदे’ ही कथा घ्या. हिंदीतूनच वाचा, आपल्याला कळते. डोंगरावरची कॉन्व्हेंट शाळा, हिवाळ्याच्या सुट्टीआधीचे दिवस, मुली घरी चालल्यात, आणि लतिका नावाची शिक्षिका जायची नाही. तिचा लष्करातला प्रियकर, गिरीश नेगी, आता नाही, हे हळूहळू उमगत जातं. थंडीमुळे खाली निघालेले पक्ष्यांचे थवे ती बघते. त्या पक्ष्यांना थांबून पुढे कुठे जायचं ते माहीत असतं, तिला नसतं. तासाभरात वाचून होईल. वर सांगितलेले प्रश्न तिथे आधी घासून बघा.

मराठीत यायचं तर चि. त्र्यं. खानोलकर टाळून चालणारच नाही. ‘कोंडुरा’ (1966) घ्या. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा खरोखर आहे, समुद्र खडकांत घुसून घुमतो ती जागा. शक्य असेल तर आधी तिथे जाऊन या, मग वाचा. तिथला निसर्ग कसौलीसारखा अलिप्त उभा राहत नाही, तो माणसाच्या मानगुटीवर बसतो. देसाईंनंतर लगेच खानोलकर वाचले तर दोघांच्या रानांत केवढं अंतर आहे ते कळेल.

आणि जी. ए. कुलकर्ण्यांनी मराठीत आणलेलं कॉनरॅड रिक्टरचं ‘रान’. मूळ पुस्तक 1940 चं, अमेरिकेतल्या ओहायोच्या जंगलात राहायला गेलेल्या एका कुटुंबाचं. तिथे उलटाच प्रकार. नंदा झाडांत लपते; ‘रान’मधल्या आईला झाडंच गुदमरवतात. वरून बघितलं तर शेंड्यांचा समुद्र, खाली उन्हाचा कवडसा नाही, आणि ती खंगत जाते. नवरा शिकारी, त्याला रान हवंच आहे. बाई काही बोलत नाही. मोठी मुलगी पुढे कुऱ्हाड हातात घेते. झाडं विकून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ते पुस्तक वाचताना जरा अवघडायला होतं, पण त्या पोरीच्या प्रत्येक घावाला मी मनात ‘मार’ म्हणत होतो.

गटात वाचणार असाल तर एक नियम करा. पहिल्या बैठकीत ‘लेखिकेला काय म्हणायचंय’ हा प्रश्न बंद. प्रत्येकाने आपल्याला अडकवलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि बघणारा कोण ते सांगायचं. चहा नंतर, आधी दिला की गाडी राजकारणावर जाते. आमच्या बँकवाल्या गृहस्थांनी ‘रान’ नेलंय. परवा मेसेज आला: “यात तर म्हातारीसुद्धा नाही, नुसती झाडंच. पण वाचतोय.”